हृदयाची झडप, सरकारी तिजोरी आणि प्रयोगशाळेचा दरवाजा



गेल्या महिन्यात एका अभ्यासवर्गात मी खासगीकरणावर बोलत होते. सरकारी दवाखाने, शिष्यवृत्त्या, वसतिगृहे हे आपले नेहमीचे मुद्दे झाले. प्रश्नोत्तरांच्या वेळी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "ताई, दवाखाने सरकारचेच हवेत, हे पटतं. पण वैद्यकीय उपकरणांचं संशोधन, कॉम्प्युटर, ए.आय. हे कंपन्यांचं काम आहे. सरकारने त्यात पैसा कशाला घालायचा? आणि आपल्या चळवळीचा त्याच्याशी संबंध काय?"

प्रश्न प्रामाणिक होता. मी तिथे दोन मिनिटांत दिलेले उत्तर माझे मलाच अपुरे वाटले, म्हणून हा लेख. माझे म्हणणे दोन वाक्यांत सांगते. गरिबाच्या आजारावरचे उपकरण या देशात तयार झाले ते सरकारी पैशातून, आणि सरकारने हात काढला तर ते पुन्हा होणार नाही. पण ज्या काळात सरकार हा पैसा घालत होते, त्याच काळात त्याने संशोधनाच्या वरच्या जागांचा दरवाजा आपल्यासाठी बंद करून घेतला. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही.

झोपडीतून हृदयापर्यंत

वस्तीत काम करताना एक वाक्य हमखास कानावर येते : "पोरीचा व्हॉल्व्ह खराब झालाय." हा व्हॉल्व्ह बहुतेक वेळा जन्मापासून खराब नसतो. लहानपणी घसा दुखतो, ताप येतो. जंतू स्ट्रेप्टोकोकस नावाचा असतो. वेळेवर औषध मिळाले तर प्रकरण तिथेच संपते. नाही मिळाले, तर काही मुलांमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच उलटते. सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपांवर व्रण पडू लागतात. पुढे वर्षानुवर्षे झडप आक्रसते किंवा गळते. मुलगी जिना चढताना धापा टाकते. लग्नानंतर पहिल्या बाळंतपणात जीव धोक्यात येतो, तेव्हा कुठे निदान होते. याला डॉक्टर रुमॅटिक हार्ट डिसीज म्हणतात.

हा आजार कोणाला होतो ते पाहा. एका खोलीत सात-आठ माणसे झोपतात, जेवण पुरेसे नाही, दवाखाना लांब आहे, अशा घरांत तो राहतो. श्रीमंत देशांत घरे सुधारली, पेनिसिलिन सर्वांपर्यंत पोचले आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. आपल्याकडे तो राहिला. भारतात दाट वस्ती आणि दारिद्र्य यांचा जातीशी काय संबंध आहे, हे या ब्लॉगच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

यावरचे पहिले शस्त्र पेनिसिलिन. ते भारतात मोठ्या प्रमाणावर कोणी बनवले? १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत त्याला होती. १९५५ मध्ये तिथे उत्पादन सुरू झाले. त्याच १९५४ च्या २५ डिसेंबरला, पिंपरीपासून थोड्याच अंतरावर देहूरोडला, बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली होती. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण देहूरोडला दरवर्षी जाणाऱ्या आपल्या माणसांनी शेजारच्या पिंपरीचा हा इतिहासही सांगितला पाहिजे. झडपेला इजा झालेल्या मुलाला तीन-चार आठवड्यांनी एकदा असे वर्षानुवर्षे पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. ते औषध परदेशी कंपनीच्या मर्जीवर राहू नये, हा निर्णय सरकारने घेतला होता.

तिरुवनंतपुरमची झडप

पण झडप पूर्ण निकामी झाली तर इंजेक्शन पुरत नाही, ती बदलावी लागते. कृत्रिम झडपेचे युग अमेरिकेत १९६० च्या सुमारास सुरू झाले. भारतात १९७० च्या दशकात शस्त्रक्रिया करू शकणारे डॉक्टर होते, पण झडप परदेशातून यायची आणि तिची किंमत सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेर होती. रुग्ण गरीब आणि झडप श्रीमंताची, असा पेच होता.

१९७३ मध्ये त्रावणकोरच्या माजी राजघराण्याने तिरुवनंतपुरममधील एक इमारत लोकांच्या उपयोगासाठी दिली. केरळात तेव्हा अच्युत मेनन मुख्यमंत्री होते. तिथे हृदय आणि मेंदूच्या उपचारांचे केंद्र उभे राहिले, पण तेवढ्यावर ते थांबले नाही. डॉ. एम. एस. वलियाथन हे हृदयशल्यविशारद संचालक झाले. त्यांनी रुग्णालयाच्या जोडीला इंजिनिअरांची प्रयोगशाळा हवी असा आग्रह धरला. रुग्णालयापासून दूर, पूजप्पुरा भागातील सॅटेलमंड राजवाड्यात ही प्रयोगशाळा सुरू झाली. १९८० मध्ये संसदेने कायदा करून श्री चित्रा तिरुनाल संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला आणि ती केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाखाली आली. म्हणजे पगार, यंत्रे, प्रयोग, सगळा खर्च जनतेच्या पैशातून.

आता झडपेचे काम किती अवघड ते बघा. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडधडते. प्रत्येक ठोक्याला झडप उघडते आणि मिटते. वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक वेळा. ती झिजता कामा नये, तुटता कामा नये, तिच्यावर रक्ताची गुठळी धरता कामा नये. तिरुवनंतपुरमच्या शास्त्रज्ञ-इंजिनिअरांची पहिली तीन मॉडेल्स फसली. कुठे धातूचा जोड टिकला नाही, कुठे झीज जास्त निघाली, कुठे नीलमणीसारख्या कठीण पदार्थाची चकतीच फुटली. प्रत्येक वेळी मागे जाऊन नवा धातू, नवी चकती. चौथ्या मॉडेलमध्ये कोबाल्टच्या मिश्रधातूचा सांगाडा आणि विशिष्ट प्रकारच्या पॉलिथिलीनची चकती वापरली. यंत्रावर कोट्यवधी वेळा उघडझाप करून तपासले, मेंढ्यांवर चाचण्या झाल्या आणि डिसेंबर १९९० मध्ये ही झडप पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसवली गेली. कामाला सुरुवात झाल्यापासून एक तपाहून अधिक काळ लोटला होता. पुढे तंत्रज्ञान टीटीके समूहाकडे उत्पादनासाठी दिले गेले. आयात झडपेपेक्षा ती बरीच स्वस्त पडली आणि आजवर सुमारे एक लाख झडपा बसवल्या गेल्या आहेत. रक्तपेढीत दिसणारी प्लास्टिकची रक्तपिशवी देशात बनवण्याचे तंत्रही याच संस्थेने विकसित केले.

मित्रांनो, आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. कोणती खासगी कंपनी तीन वेळा फसल्यावर, बारा वर्षे एक पैसा न मिळवता, गरिबाच्या आजारासाठी चौथे मॉडेल बनवायला बसेल? उत्पादन खासगी कंपनीने केले, हे खरे आहे आणि ते लपवायचे कारण नाही. पण कंपनी आली ती चौथे मॉडेल तयार झाल्यावर. फसलेल्या तीन मॉडेल्सचा खर्च जनतेने सोसला होता.

याच काळात परदेशात उलटे उदाहरण घडले. ब्यॉर्क-शायली या नावाच्या झडपेचे एक मॉडेल १९७९ पासून बाजारात होते. तिच्या सांगाड्याची दांडी रुग्णाच्या छातीत असतानाच तुटू लागली आणि शेकडो माणसे दगावली. १९८६ मध्ये ते मॉडेल बाजारातून काढावे लागले. तिरुवनंतपुरमला जोड तुटला तो प्रयोगशाळेत, आणि मॉडेल तिथेच रद्द झाले. सरकारी माणसे जास्त सज्जन असतात असे मी म्हणत नाही. विक्रीची घाई नसेल तर "हे अजून तयार नाही" असे म्हणण्याची मुभा शास्त्रज्ञाला मिळते, एवढाच मुद्दा आहे.

अमेरिका तरी कोणाच्या पैशावर शिकली?

"पण अमेरिकेत सगळे खासगीच आहे ना?" हा पुढचा प्रश्न असतो. नाही. वैद्यकीय संगणनाचा इतिहासच सरकारी पैशाने सुरू होतो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला संगणक म्हणजे खोलीभर यंत्र, आणि ते चालवणारे वेगळे तज्ज्ञ. डॉक्टर किंवा जीवशास्त्रज्ञ त्याला हात लावू शकत नसे. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत वेस्ली क्लार्क आणि चार्ल्स मोल्नार यांनी १९६२ मध्ये 'लिंक' नावाचा छोटा संगणक बनवला. प्रयोगशाळेतल्या संशोधकाने तो स्वतः चालवावा, प्राण्याच्या मेंदूतून किंवा हृदयातून येणारे विद्युत संदेश थेट त्यात घ्यावेत, हा हेतू. १९६३ मध्ये अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्था आणि नासा यांच्या पैशातून हे संगणक निवडक जैववैद्यकीय प्रयोगशाळांना देण्यात आले, आणि संशोधकांनी ते स्वतःच्या हाताने जुळवले. मेरी ॲलन विल्क्स या स्त्रीने त्याची कार्यप्रणाली लिहिली.

वैद्यकीय शोधनिबंधांची सूची संगणकावर आणणारी 'मेडलार्स' व्यवस्था १९६४ मध्ये सुरू झाली, तीही अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयात. इंग्लंडमध्ये पहिले सीटी स्कॅन यंत्र ईएमआय कंपनीच्या गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांनी बनवले, १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू त्यातून पाहिला गेला. पण त्या कामाला ब्रिटिश आरोग्य खात्याने आर्थिक बळ दिले होते. आणि डिसेंबर २००० मध्ये अमेरिकेने जैववैद्यकीय इमेजिंग आणि अभियांत्रिकीसाठी कायद्याने स्वतंत्र राष्ट्रीय संस्थाच उभी केली. खासगी बाजाराचे गोडवे गाणाऱ्या देशांनी स्वतःचा पाया सरकारी पैशाने घातला, हे आपल्या तरुणांनी लक्षात ठेवावे.

१९४२ आणि १९७५

इथपर्यंतचा इतिहास कोणताही समाजवादी मित्र सांगेल. पुढचा आपल्याला सांगायचा आहे.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी व्हाईसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यातला शिक्षणाचा भाग प्रत्येक विद्यार्थी कार्यकर्त्याने वाचायला हवा. नुसते कला आणि कायद्याचे शिक्षण आपल्या मुलांना फार पुढे नेणार नाही, त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, आणि ते महाग असल्यामुळे सरकारनेच त्याचा खर्च उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. परदेशी शिक्षणासाठीही त्यांनी सरकारी पैसा मागितला. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, तिचे मूळ या काळात आहे. हे मागणारा माणूस स्वतः अर्थशास्त्र आणि कायद्याचा पंडित होता. तरी तो आपल्या मुलांना प्रयोगशाळेकडे पाठवत होता.

आता १९७५ कडे या. जून १९७५ मध्ये केंद्र सरकारने एक आदेश काढला. ज्या वैज्ञानिक आणि तांत्रिक पदांचे काम संशोधन करणे किंवा संशोधनाला दिशा देणे हे आहे, ती पदे वर्ग एकच्या सर्वांत खालच्या श्रेणीच्या वर असतील तर त्यांना अनुसूचित जाती-जमातींच्या आरक्षणातून सूट देता येईल. साध्या भाषेत : प्रयोगशाळेच्या पायरीपर्यंत या, पण कोणत्या आजारावर संशोधन करायचे हे जिथे ठरते त्या खुर्चीपर्यंत नाही. हा आदेश एका संस्थेसाठी नव्हता, केंद्राच्या सगळ्या वैज्ञानिक खात्यांसाठी होता. १९४२ ची मागणी आणि १९७५ चा आदेश शेजारी ठेवून वाचा. बाबासाहेबांनी जिथे जायला सांगितले, नेमके तिथेच कुंपण घातले गेले.

पुढे ते कुंपण उंचच होत गेले. नोव्हेंबर १९९२ च्या मंडल निकालात सर्वोच्च न्यायालयाने ज्या पदांवर आरक्षण ठेवणे इष्ट नाही असे म्हटले, त्यांत संशोधन-विकासाची पदे आणि वैद्यक, अभियांत्रिकीतील अतिविशेष पदे होती. केंद्रीय शिक्षण संस्थांतील अध्यापकांच्या आरक्षणाचा २०१९ चा कायदा झाला, तेव्हा 'उत्कृष्टता' आणि 'राष्ट्रीय महत्त्व' या नावाखाली काही संशोधन संस्था त्यातून वगळल्या. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, होमी भाभा राष्ट्रीय संस्था आणि मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र त्या यादीत आहेत. पैसा सर्वांचा, उत्कृष्टता मात्र काहींची.

सॅटेलमंड राजवाडा मी मुद्दाम नाव घेऊन सांगितला. तो त्रावणकोरच्या महाराणी सेतू लक्ष्मीबाई यांचा. त्या राज्याचा कारभार पाहत होत्या त्याच काळात, १९२४-२५ मध्ये, मंदिराभोवतालच्या रस्त्यावरून चालण्याच्या हक्कासाठी वायकोमचा सत्याग्रह चालू होता. त्याआधी १८९३ मध्ये महात्मा अय्यंकाली यांनी याच तिरुवनंतपुरम परिसरात बैलगाडीतून सार्वजनिक रस्त्यावर जाऊन बंदी मोडली होती. १९१० मध्ये त्यांनी पंचमी या पुलय मुलीला शाळेत दाखल करायला नेले, तर शाळाच पेटवण्यात आली. त्या संस्थानातील राजवाड्यात पुढे लोकांच्या पैशाची प्रयोगशाळा झाली, ही लोकशाहीची कमाई आहे. पण रस्ता, शाळा आणि मग प्रयोगशाळा या क्रमातला तिसरा टप्पा अजून बाकी आहे.

"उपकरणाला जात नसते"

इथे गुणवत्तेचा मुद्दा येतो. "झडपेला काय माहीत ती कोणी बनवली? संशोधन चांगले झाले की झाले."

दोन उदाहरणे देते. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर कोरोनात घरोघर पोचला. तो त्वचेतून प्रकाश पाठवून रक्तातल्या ऑक्सिजनचा हिशेब करतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले की यंत्रावर ऑक्सिजन ठीक दिसत असताना प्रत्यक्ष रक्तात तो धोकादायक पातळीला उतरलेला असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर काळ्या रुग्णांत ११.७ टक्के होते. यंत्र दशकानुदशके वापरात होते. त्वचेच्या रंगाचा प्रश्न अधूनमधून निघालाही होता, पण तो तातडीचा कोणाला वाटला नाही. जात म्हणजे रंग नव्हे, त्यामुळे ही तुलना सरसकट इकडे आणू नका. मुद्दा एवढाच की यंत्र कोणाच्या शरीरावर तपासले जाते, हे तपासणारा ठरवतो.

दुसरे उदाहरण आपल्या जास्त जवळचे आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एका संगणक प्रणालीची चिकित्सा आली. कोणत्या रुग्णाकडे जास्त लक्ष द्यायचे हे अमेरिकेतील रुग्णालये तिच्याकडून ठरवून घेत. प्रणालीत वंशाचा रकानाच नव्हता. तिने आजाराचे माप म्हणून उपचारावर झालेला खर्च धरला होता. काळ्या रुग्णांवर मुळात खर्चच कमी होत होता, म्हणून तितकेच आजारी असूनही संगणकाला ते निरोगी दिसले. ही चूक दुरुस्त केली, तर जादा मदतीस पात्र ठरणाऱ्यांत काळ्या रुग्णांचा वाटा १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जातो, असे निघाले.

आता हे आपल्या वस्तीला लावून पाहा. ज्या बाईने पैशाअभावी कधी तपासणी केली नाही, तिची फाईल कोरी आहे. कोरी फाईल म्हणजे निरोगी बाई, असे संगणक समजला तर? सी-डॅकने विकसित केलेल्या ई-संजीवनीवरून लोक आज डॉक्टरांचा सल्ला घेतात. सप्टेंबर २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू आहे, आरोग्य खात्याचे क्रमांक दिले जात आहेत. हे काम सरकारने करावे, या बाजूचीच मी आहे. पण कोऱ्या फाईलचा अर्थ ज्याने घरात अनुभवला आहे, असे कोणी ही प्रणाली लिहिणाऱ्यांत बसलेले आहे का? प्रतिनिधित्व म्हणजे नोकरीची खैरात नाही. ते संशोधनाच्या अचूकतेची अट आहे. गुणवत्तेच्या नावाने जे आपल्याला बाहेर ठेवतात, ते संशोधनाचीच गुणवत्ता कमी करतात.

मग मागायचे काय?

पहिली मागणी, गरिबांच्या आजारांवरील उपकरणे आणि संगणन यांच्या संशोधनाला सरकारी पैसा वाढवा, आणि तो दीर्घ मुदतीचा असू द्या. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासींत सिकलसेल किती घरांत आहे, हे तिथल्या कार्यकर्त्यांना विचारा. झडपेला बारा वर्षे दिली, तशी वर्षे अशा आजारांना द्या.

दुसरी, १९७५ चा आदेश आणि कायद्यांतील वगळलेल्या संस्थांची यादी रद्द करा. तिसरी, सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रत्येक संशोधन संस्थेने आपल्या शास्त्रज्ञांची श्रेणीनिहाय आणि प्रवर्गनिहाय संख्या दरवर्षी जाहीर करावी. माहिती अधिकाराचा अर्ज करायला पैसे फार लागत नाहीत, ही सुरुवात आपणच करू शकतो. चौथी, रुग्णांच्या माहितीवर चालणारी कोणतीही प्रणाली सरकारी दवाखान्यात आणण्याआधी ती कोणावर तपासली, कोणाच्या बाबतीत चुकते, हे लोकांसमोर ठेवा.

आणि आपल्या बाजूने? आपली मुले-मुली फेलोशिपसाठी आझाद मैदानात बसतात तेव्हा "पीएचडी करणाऱ्यांचे लाड कशाला" असे आपल्यातलेही काही जण म्हणतात. ते थांबवू या. १९४२ ला बाबासाहेबांनी सरकारकडे जे मागितले होते, तेच ही मुले मागत आहेत.

त्या दिवशी प्रश्न विचारणाऱ्या मुलाला मी वर्ग संपल्यावर पुन्हा गाठले आणि पुढे काय करणार म्हणून विचारले. म्हणाला, "कंपनीत लागेन. बायोमेडिकलला एम.टेक. करायचं मनात होतं, पण आपल्यातलं तिकडे कोण आहे?"

माझ्या अडीच तासांच्या भाषणापेक्षा त्याच्या या वाक्यात विषय जास्त होता. त्याला मी फॉर्मची तारीख पाठवली आहे. तुमच्याही ओळखीत असा कोणी असेल, तर हा लेख त्याला पाठवा, आणि सोबत फॉर्मची तारीखही.

जय भीम, नमो बुद्धाय.